माती कुणी मारली?

दिवाळीत गावी गेलो होतो, तेव्हा काकांनी माती परीक्षणाचा कागद पुढे केला. सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, शेजारी 'कमी' असा शेरा. (०.५ च्या खाली गेला की कमीच धरतात.) काकांचा निकाल तयार होता, "युरियानं माती मारली रे."

मला हे इतकं सरळ वाटत नाही.

इंग्लंडात रॉथमस्टेडला एका शेतात १८४३ पासून गहू घेताहेत. एका तुकड्याला काहीच नाही, काहींना नुसतं रासायनिक खत, एकाला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत. शेणखताच्या तुकड्यात कर्ब बिनखताच्या दुपटीहून जास्त, हे ठीकच. पण रासायनिक खताच्या तुकड्यांतही तो बिनखतापेक्षा थोडा जास्तच निघतो! पीक जोमदार, म्हणून मुळं आणि धसकटं जास्त.

२००७ साली इलिनॉयच्या काही शास्त्रज्ञांनी याच्या उलट मांडलं. तिथल्या मॉरो प्लॉट्सवर १८७६ पासून मका होतो. त्यांचं म्हणणं, गरजेपेक्षा जास्त नत्र दिलं की जिवाणू काडीकचरा भराभर कुजवतात आणि कर्ब घटतो. बराच वाद झाला. खत नसतं तर कर्ब आणखी घटला असता, असं इतरांचं उत्तर. मला तेच पटतं.

मग आमच्या मातीचं काय झालं? ज्वारी गेली, तिच्यामागे कडबा गेला, बैल गेले, उकिरडा गेला. पऱ्हाटी आम्ही दरवर्षी बांधावर पेटवतो. शेतातून सगळं बाहेर, आत फक्त गोणी. त्यातही युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपयांना, स्फुरद-पालाश महाग, म्हणून हात युरियावरच सैल! युरिया निर्दोष नाही, पण एकटा आरोपीही नाही.

काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "शेणखत आणू कुठून? तुझ्या पुण्याहून?"

खरंच आहे ते. शेवटी इतकं ठरलं की यंदा दोन एकरांतली पऱ्हाटी पेटवायची नाही, श्रेडरनं कुट्टी करून मातीत घालायची. भाडं मी द्यायचं. "आणि बोंडअळी वाढली तर?" काकांनी जाताजाता विचारलं. बारीक कुट्टी केली तर अळी राहत नाही, असं मी म्हणालो. ते नुसते हसले.