वेळ वाचवणाऱ्या कळा आणि आपली मराठी

आजच्या काळात संगणकाशिवाय शाळेचे पान हलत नाही. प्रकल्प, फीच्या पावत्या, निकालपत्रके, सर्व काही की-बोर्डवरूनच तयार होते. तरीही बहुतेक विद्यार्थी, आणि त्यांच्याबरोबर मोठी माणसेही, लहानसहान कामासाठी माउसच फिरवत बसतात, असे आमच्या पाहण्यात आले आहे.

कॉपी आणि पेस्टच्या कळा सर्वांना ठाऊक आहेत. त्यापुढच्या काही पाहा. कंट्रोल-बॅकस्पेसने अख्खा शब्द एकदम पुसला जातो. ब्राउझरमधला टॅब चुकून बंद झाला तर कंट्रोल-शिफ्ट-टीने तो परत येतो. विंडोज १० व ११ मध्ये विंडोज-व्ही दाबले की आधी कॉपी केलेल्या मजकुरांची यादी समोर येते. ही सोय पहिल्यांदा चालू करून घ्यावी लागते. जागेवरून उठताना विंडोज-एल दाबावे, संगणकाला कुलूप लागते.

परंतु आमच्या मते आपल्या शाळेसाठी सर्वांत मोलाची जोडी वेगळीच आहे, ती म्हणजे विंडोज-स्पेस. संगणकात मराठी की-बोर्ड एकदा जोडून घेतला की या दोन कळांनी इंग्रजीतून मराठीत क्षणात जाता येते. 'मराठी टाइप करण्यात फार वेळ जातो' ही सबब मग उरत नाही. आज या वार्तापत्रासाठी मुलांचे लेख येतात ते कधी रोमन लिपीत, तर कधी वहीच्या पानाचा फोटो म्हणून.

काही पालक म्हणतील, इंग्रजी अक्षरांत लिहिले की फोन आपोआप देवनागरी करून देतो, मग हा खटाटोप कशाला? मुद्दा इथेच आहे. 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. रोमन लिपीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात आणि कोणता घ्यायचा ते यंत्र सुचवते. इनस्क्रिप्ट की-बोर्डवर मात्र ते मुलाला स्वतः ठरवावे लागते. गुरूंसाठी 'जे'च्या कळेवरचा र. स्वयंपाक्यांसाठी तीच कळ शिफ्टसह. पुढे दोन्हीकडे 'डी'वरचे पाय मोडण्याचे चिन्ह आणि स्लॅशवरचा य. एका शिफ्टने गुरुजी थेट भटारखान्यात पोहोचतात! तसाच ळ हा शिफ्ट-एनवर आहे. इंदूरसारख्या शहरात आपली मुले बोलताना ळ चा ल सहज करून टाकतात. टाइप करताना निदान बोटांना तरी फरक कळेल.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे. म्हणून हे आवर्जून सांगतो की मराठीचा हा अभ्यास हिंदीच्या आड येत नाही. इनस्क्रिप्टमध्ये दोन्ही भाषांची अक्षरे त्याच जागी आहेत. मध्य प्रदेशातील सीपीसीटी परीक्षेत हिंदी टंकलेखन असते, आणि तिथेही इनस्क्रिप्ट चालतो. म्हणजे मेहनत एक, भाषा दोन.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की संगणक कक्षातील प्रत्येक यंत्रावर मराठी की-बोर्ड सुरू करावा. तो विंडोजमध्येच असतो, त्यासाठी वेगळा पैसा लागत नाही. शिक्षकांनी संगणकाच्या प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटे या सरावासाठी द्यावीत. पालकहो, घरीही आजी-आजोबांना चार ओळींचे पत्र मुलांकडून देवनागरीतच टाइप करून घ्या.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या अंकासाठी तुमचे लेख आम्हाला तुमच्याच बोटांनी टाइप केलेले हवेत. शुद्धलेखनाच्या चुका आपण मिळून सुधारू.