अख्ख्या विमानाला पॅराशूट : खान्देशच्या आकाशात त्याचा उपयोग किती?

चाळीसगाव : डोक्यावरून घरघरत जाणारं छोटं विमान खान्देशाला आता नवलाचं राहिलेलं नाही. शिरपूरला वैमानिक घडवणारी अकादमी आहे, धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण चालतं. नव्या फ्लाइंग स्कूलसाठी विमानतळ प्राधिकरणाने निवडलेल्या विमानतळांत जळगावचाही समावेश झाला. मग यातलं एखादं विमान हवेतच बिघडलं तर काय, हा प्रश्न आपल्या शेतशिवाराचाही आहे.

16 जुलै 2021 रोजी चोपडा तालुक्यातल्या वर्डी शिवारात, सातपुड्याच्या जंगलात शिरपूरच्या अकादमीचं विमान कोसळलं. प्रशिक्षक वैमानिक ठार झाले, शिकाऊ तरुणी गंभीर जखमी झाली. तिथे सगळ्यात आधी पोहोचले ते गावकरी. एका आदिवासी महिलेने अंगावरची साडी सोडून दिली, तिची झोळी करून जखमी तरुणीला डोंगरातून खाली आणलं गेलं.

यंत्रणा चालते कशी?

वैमानिकाने उडी मारायची नाही, पूर्ण विमानच पॅराशूटला लटकून खाली येतं. कॉकपिटमधला दांडा ओढला की छोटं रॉकेट सुटतं आणि विमानात घडी घालून ठेवलेलं पॅराशूट बाहेर खेचतं. आपटी बसतेच, पण जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते.

बोरिस पोपोव्ह हे अमेरिकन गृहस्थ 1975 मध्ये हँग ग्लायडरसह तळ्यात पडले आणि वाचले. त्यातून त्यांनी 1980 मध्ये कंपनी काढली. 1998 मध्ये मंजुरी मिळालेल्या सिरस एसआर-20 विमानात असं पॅराशूट कारखान्यातूनच बसवून येऊ लागलं. ऑक्टोबर 2002 मध्ये टेक्सासमध्ये एका सिरसच्या पंखाचा एलरॉन हवेत निखळला. वैमानिकाने दांडा ओढला आणि तो सुखरूप उतरला. जर्मनीत अल्ट्रालाइट विमानांना अशी यंत्रणा सक्तीची आहे. आपल्याकडे प्रशिक्षण विमानांना तशी सक्ती नाही.

मग बसवत का नाहीत?

पहिलं कारण वजन. दोन सीटच्या विमानात वजन वाढलं की तेवढं इंधन कमी भरावं लागतं. दुसरं खर्च : पॅराशूट आणि रॉकेट ठराविक वर्षांनी बदलावं लागतं. तिसरं कारण सगळ्यात मोठं. पॅराशूट उघडायला काही शे फूट उंची लागते. टेकऑफनंतर लगेच किंवा उतरताना घोटाळा झाला तर दांडा ओढूनही वेळ पुरत नाही. म्हणजे पॅराशूट हा चांगल्या देखभालीला आणि प्रशिक्षणाला पर्याय नाही, ती शेवटची संधी आहे. पण खाली सातपुड्यासारखं जंगल असेल, सपाट रान दिसतच नसेल, तिथे ही शेवटची संधीच मोलाची ठरते.

गावकऱ्यांनी हे लक्षात ठेवावं

यंत्रणा असलेलं विमान पॅराशूट न उघडताच पडलं, तर आतलं रॉकेट जिवंत राहतं. ते ढिगाऱ्यात अचानक सुटू शकतं. विमानावर त्रिकोणी धोक्याचं स्टिकर असेल तर त्या बाजूला उभं राहू नये, दांडा-केबल ओढू नये, पत्रा कापू नये. जखमीकडे जाताना ती बाजू टाळावी. 112 वर फोन करताना स्टिकर दिसल्याचं आवर्जून सांगावं.

पॅराशूट बसवायचं की नाही, हे संस्था आणि डीजीसीए ठरवतील. पण फ्लाइंग स्कूलनी आसपासच्या पोलीस पाटलांना आणि सरपंचांना ही एवढी माहिती द्यायला कुठल्या मंजुरीची गरज नाही. वर्डीत जे धावून गेले, तेच उद्याही सगळ्यात आधी पोहोचणार आहेत.