रोजचं वचन आणि सत्तर वर्षं



आपल्या लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर, मेसचं वेळापत्रक आणि 'गिझर सकाळी सातनंतर बंद राहील' या दोन कागदांच्या मधे रोज एक चिठ्ठी लागते. सुंदर अक्षरात बायबलमधलं एक वचन. देवाचं तुझ्यावर प्रेम आहे, तो तुला वाट दाखवेल, भिऊ नकोस, अशा अर्थाचं. हेच फोनवरही येतं, मागे सूर्योदयाचा फोटो लावून. पी.एल. सुरू झाली की यांची संख्या वाढते, रिझल्टच्या आदल्या रात्री कळस होतो आणि रिझल्ट लागला की चार-पाच दिवस सगळं चिडीचूप! हॉस्टेलमध्ये ख्रिस्ती मुली मोजून सात-आठ असतील, पण वाचणाऱ्या सगळ्याच. माझ्या रूममेटच्या टेबलावर गणपती आहे, तीसुद्धा जाता जाता चिठ्ठी वाचून जाते.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. पण दहा वर्षं सिस्टर्सच्या शाळेत शिकले. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आमच्याकडे सडक अर्जुनीला काय किंवा गोंदियाला काय, कुठल्याही इंग्रजी शाळेला 'कॉन्व्हेंट'च म्हणतात, मग ती गुरुजींनी काढलेली का असेना. माझी मात्र खरीखुरी होती. त्यामुळे ही वचनं मला परकी नाहीत आणि नोटीस बोर्डावरची चिठ्ठी मला आवडते. तरीही हा लेख लिहावासा वाटला, त्याला कारण आहे.

गेल्या वर्षी आमच्या विंगमधल्या एका ज्युनिअरचे चार विषय राहिले. रोज सकाळी वचन वाचणारी, प्रार्थनेला जाणारी मुलगी. ती जिथे प्रार्थनेला जायची, तिथल्या कुणीतरी तिला सांगितलं की तुझा विश्वास कमी पडला, नाहीतर देवाने तुला असं सोडलं नसतं. त्यानंतर तीन दिवस ती जेवायला खाली आली नाही. मॅथ्समध्ये नापास झाल्याचं दुःख कुणालाही समजतं. पण ज्याच्या भरवशावर आपण उभे आहोत त्यानेच आपल्याला नापास केलं, हे दुःख घेऊन बसलेल्या मुलीला काय सांगायचं? मेसच्या मावशी काही न बोलता तिचं ताट झाकून वर पाठवत होत्या. आम्ही बाकीच्या नुसत्या दारात घुटमळत होतो.

माझं म्हणणं असं आहे, की वचनात खोट नाही. खोट आहे ती आपण ते वाचतो त्या पद्धतीत. 'देवावर विश्वास ठेव' याचा अर्थ आपण 'रिझल्ट चांगला लागेल' असा करून घेतला आहे. विश्वासाचं आपण हवामानखात्याचं भाकीत करून टाकलंय.

सगळ्यात जास्त फिरणारं वचन घ्या. यिर्मयाच्या पुस्तकातलं, अध्याय २९, ओवी ११. देवाच्या मनात तुमच्याबद्दल योजना आहे, ती भल्याची आहे, पुढे आशा आहे, असा त्याचा आशय. बहुतेक वेळा हे इंग्रजीत येतं, आणि इंग्रजीतल्या 'यू'ला एकजण की अनेकजण हे कळत नाही. म्हणून वाचणाऱ्याला वाटतं, हे माझ्यासाठी आहे, माझ्या कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी आहे. मराठी बायबल उघडलं की गोष्ट स्पष्ट होते. तिथे 'तुम्ही' आहे, आणि ते आदरार्थी नाही, अनेकवचनी आहे. हे एक पत्र आहे. यरुशलेममधून पकडून बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मयाने लिहिलेलं पत्र!

आणि त्या पत्रात या ओळीच्या आधी काय आहे? इथून सुटका व्हायला सत्तर वर्षं लागतील, असं. म्हणजे पत्र हातात घेतलेल्या बहुतेकांना घरी परतणं नशिबात नाही. त्याच्याही आधी सांगितलंय की घरं बांधा, बागा लावा आणि त्यांची फळं खा, लग्नं करा, आणि ज्या परक्या शहरात तुम्हाला नेलंय त्याचंच भलं व्हावं म्हणून प्रार्थना करा. अध्याय २८ तर त्याहून मजेदार आहे. तिथे हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा येतो आणि सांगतो, काही काळजी करू नका, दोन वर्षांत सगळे परत येतील. आता सांगा, दोघांपैकी कुणाच्या मेसेजला जास्त लाइक्स पडले असते? बायबल मात्र हनन्याला खोटा ठरवतं. गोड वाटणारं भाकीत करणारा खोटा, आणि सत्तर वर्षं सांगून 'तोवर बागा लावा' म्हणणारा खरा. आपण मात्र यिर्मयाची ओळ घेतो आणि ती हनन्यासारखी वाचतो.

आमच्याकडे धानाची शेती. बाबा मृगात पऱ्हे टाकतात. (पुण्या-मुंबईकडच्या मित्रांसाठी : पऱ्हे म्हणजे भाताची रोपं. ती आधी एका छोट्या तुकड्यात वाढवतात आणि मग बांध्यांमध्ये त्यांची रोवणी होते.) पऱ्हे टाकताना पाऊस येईलच याची खात्री नसते. कधी तो वीस-वीस दिवस दडी मारतो. तेव्हा बाबा तलावाचं नाहीतर शेजाऱ्याच्या बोअरचं पाणी देऊन पऱ्हे जगवतात, देवाला नारळ फोडतात आणि रोज संध्याकाळी आभाळाकडे बघतात. त्यांना कुणी 'तुमचा विश्वास किती टक्के?' असं विचारलं तर ते हसतील. पऱ्हे टाकले हाच विश्वास. पाऊस आला नाही त्या वर्षी 'बाबांची भक्ती कमी पडली' असं आमच्या गावात कुणीही म्हटलेलं नाही.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाई आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटतात त्या चार ओळींत: संस्कृत विद्वान, समाजसुधारक, शारदा सदन. पण देवाच्या प्रेमावर भरवसा म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं मराठीत कुणी जगून दाखवलं असेल असं मला वाटत नाही.

जन्म १८५८ चा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी देशभर पायी फिरले. पुढे भाऊ गेला. १८८० मध्ये लग्न झालं, १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात लहान मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथे बाप्तिस्मा घेतला. इथपर्यंतच्या आयुष्यात 'देव माझं भलं करतोय' असं म्हणायला नेमकं काय होतं, शोधून सांगा.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. मध्य प्रांत म्हणजे आपलाच मुलूख. तेव्हाचा भंडारा जिल्हा त्यातच होता, आणि आमचा गोंदिया जिल्हा त्यातूनच १ मे १९९९ ला वेगळा झाला. रमाबाई त्या वेळी पुण्यात शारदा सदन चालवत होत्या. त्या मध्य प्रांतात आल्या, दुष्काळात सापडलेल्या सुमारे ३०० मुली-बायकांना त्यांनी सोबत नेलं. पुण्यात प्लेग होता, तिथे एवढ्यांना ठेवता येईना. म्हणून त्यांना केडगावला, दौंडच्या रेल्वेमार्गावर, नेलं. तिथे संस्थेला उत्पन्न व्हावं म्हणून रमाबाईंनी आधीच जमीन घेऊन फळझाडं लावायला सुरुवात केली होती. (यिर्मयाच्या बागा आठवल्या का?) तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं. विहिरी खणल्या, शाळा काढली, माग आले, छापखाना आला, अंध मुलींसाठी ब्रेल आली. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे जवळपास २००० जणी होत्या. एवढ्या जणींना रोज दोन वेळ जेवू घालायचं! आपल्या मेसचा हिशोब बघणाऱ्या रेक्टर मॅडमना याचा अर्थ बरोबर कळेल. रमाबाई पैशासाठी प्रार्थना करत आणि विहीरही खणत. या दोन गोष्टींत त्यांना कुठे विरोध दिसला नाही.

त्यांच्यावर टीकाही भरपूर झाली. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या धर्मांतराच्या प्रश्नावरून रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, केसरीने झोड उठवली. त्या वादात कोण किती बरोबर हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि टीका करणारे सगळेच दुष्ट होते असंही मला वाटत नाही.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते 'मार्गदर्शना'बद्दलचं. देव वाट दाखवतो हे मान्य केलं तरी देवाच्या नावाने वाट दाखवणारे सगळे देव नसतात! इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं का, असा प्रश्न निघाला. बिशप मंडळींनी नको म्हटलं. ज्या सिस्टरला त्या आईसारखी मानत, तिनेही चर्चच्या वडीलधाऱ्यांचं ऐकायला सांगितलं. रमाबाईंनी लांबलचक पत्रं लिहून वाद घातला. माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हवाली केलेली नाही, असा त्या पत्रांचा सूर आहे. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये पुस्तकरूपाने छापला गेला आहे. नव्याने धर्मात आलेली, परक्या देशातली, पंचविशीतली विधवा! आमच्या ज्युनिअरला 'तुझा विश्वास कमी पडला' म्हणणाऱ्या व्यक्तीसमोर मला ही रमाबाई उभी करावीशी वाटते.

दुसरी गोष्ट तर थेट आपल्या रेल्वेची. १८९३ मध्ये कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल दिलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. हा रूळ गोंदियावरूनच जातो. म्हणजे आमच्या गोंदिया स्टेशनवर ते पुस्तक टिळकांच्या हातात होतं की पिशवीत, हा प्रश्न मला दर वेळी तिथून जाताना पडतो. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. भाकीत खरं ठरलं खरं, पण मधल्या काळात माणसाने काय केलं ते बघा. पुस्तक वाचलं, डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकून पडला, वाद घातला. एका ओळीवर तो ख्रिस्ती झाला नाही. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. आणि त्यांची बायको? लक्ष्मीबाईंना हे मान्य नव्हतं. त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या आणि १९०० मध्ये, स्वतःच्या वेळी, स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. त्यांचं 'स्मृतिचित्रे' वाचा. घरात पैसा नाही, नवरा असेल ते दुसऱ्याला देऊन मोकळा होतोय, आणि बाई चिडतेय, रडतेय, मधेच हसतेय. सूर्योदयाच्या फोटोत न बसणारी श्रद्धा आहे ती. म्हणून खरी वाटते.

माझा एक नास्तिक मित्र म्हणतो, हे सगळं सोड, अभ्यास कर, देव कशाला मधे? त्याला मी एवढंच म्हणते की परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजता तूही घाबरतोस आणि मीही घाबरते. कुणाला तरी आपली काळजी आहे असं वाटून माणूस पुन्हा पुस्तक उघडत असेल तर ती कुबडी म्हणून हसण्यासारखी गोष्ट नाही. पुस्तक न उघडण्यासाठी देव वापरला तर मात्र मी तुझ्या बाजूने!

म्हणून दोन मागण्या. पहिली, नोटीस बोर्डावरची चिठ्ठी बंद करू नका, पण वचनाखाली पुस्तकाचं नाव, अध्याय आणि ओवी लिहा, म्हणजे ज्याला हवं त्याला मागचं-पुढचं वाचता येईल. दुसरी, रिझल्टनंतरच्या त्या चार-पाच दिवसांत चिठ्ठी लावायचं थांबवू नका. तेव्हाच ती जास्त लागते.

लायब्रियन सरांना एक विनंती: 'स्मृतिचित्रे' आपल्याकडे आहे का, मी दोनदा शोधलं. आणि जमल्यास रमाबाईंचं बायबलही बघावं. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी ते मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलं. त्यासाठी उतारवयात त्या भाषा शिकल्या. मुक्ती सदनातल्या मुलींनीच त्याचे खिळे जुळवले. काम संपत आलं असताना जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. अनुवाद पुरा करून ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

ती ज्युनिअर आता आमच्याच मजल्यावर आहे. तीन विषय निघालेत, मॅथ्स राहिलाय. हल्ली बोर्डावरची चिठ्ठी तीच लिहिते.