दूध आंबले नाही, तरी वास का? खारपाणपट्ट्यात भांडी आणि पाणी तपासा

विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याला 2024 मध्ये मंजुरी मिळाली. त्यातील 19 जिल्ह्यांत अमरावती आणि अकोलाही आहेत. संकलन वाढेल तसे दूध गावातच थंड होऊन लांब जाईल. थंड केल्याने दूध आंबणे लांबते. पण जास्त वेळ साठवलेल्या दुधात दुसरा दोष दिसू लागतो. तो म्हणजे स्निग्धांशाचे ऑक्सिडेशन.

असे दूध आंबट नसते, उकळल्यावर फाटत नाही, फॅट-एसएनएफही बरोबर भरते. मात्र ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा धातूसारखा वास येतो. त्याचे तूप लवकर खवट होते. दोष केंद्रावर दिसत नाही, पुढे दूध नाकारले जाते आणि फटका उत्पादकालाच बसतो.

कारण काय?
दुधात तांबे व लोह मुळातच अत्यल्प असते. भांड्यातून मिसळलेले तांबे मात्र स्निग्ध कणांच्या आवरणाला चिकटून ही क्रिया वेगाने घडवते. लिटरमागे मिलिग्रॅमचा काही शतांश भागही त्यास पुरतो.

पूर्णा खोऱ्यातील खाऱ्या पाण्याने पितळी तोट्या, लोखंडी पाइप लवकर झिजतात. अशा पाण्याने कॅन विसळून ओलाच ठेवला, तर धातूचा अंश दुधात उतरतो. त्यात उन्हाळ्यात जनावरे कडबा-कुटारावर असतात. हिरवा चारा नसल्याने दुधातील जीवनसत्त्व ई कमी होते आणि दुधाचे नैसर्गिक संरक्षण घटते.

घरच्या घरी चाचणी
एकाच जनावराचे थोडे दूध थेट स्वच्छ काचेच्या बाटलीत काढावे. उरलेले नेहमीच्या बादली-कॅनमधून दुसऱ्या बाटलीत घ्यावे. दोन्ही बाटल्या फ्रिजमध्ये, अंधारात दोन दिवस ठेवून नंतर दूध कोमट करून वास घ्यावा. फक्त दुसऱ्या बाटलीला वास असेल, तर दोष भांड्यात किंवा पाण्यात. दोन्हींना असेल, तर आधी चारा तपासावा.

उपाय
- कल्हई उडालेली पितळी व गंजकी भांडी दुधासाठी वापरू नयेत, स्टीलची वापरावीत.
- शेवटची विसळणी गोड्या पाण्याने करून कॅन पालथे घालून वाळवावेत.
- दूध उन्हात ठेवू नये.
- रोज थोडा तरी हिरवा चारा द्यावा.
- खनिज मिश्रण बंद करू नये. शिफारशीच्या मात्रेतच द्यावे.

संकलन केंद्र सुरू करताना शीतकरण यंत्राइतकेच धुण्याच्या पाण्याकडेही लक्ष द्यायला हवे.