उद्या पुन्हा यावेसे वाटले पाहिजे

आज 29 ऑगस्ट, मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या शाळा-आश्रमशाळांत पावसाने उसंत दिली तर शर्यती होतील, प्रमाणपत्रे वाटली जातील. या दिवशी आम्हाला आठवण करून द्यायची आहे ती नुकतीच कोलांटी शिकू लागलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलांची. जिल्हा आणि विभागाच्या निवडयाद्या त्यांच्यापासून फार लांब आहेत. तिथवर जाण्याआधीच त्यांतली कितीतरी सरावाला यायची बंद होतात आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

जिम्नॅस्टिक्स लवकर सुरू करावे लागते आणि फळ फार उशिरा देते. अगरतळ्याच्या दीपा कर्माकरने सहाव्या वर्षी सुरुवात केली. तिचे तळवे सपाट होते; उडीनंतर जमिनीवर स्थिर उतरायला हा मोठा अडथळा. प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी वर्षानुवर्षे मेहनत करून घेतली. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये व्हॉल्टच्या अंतिम फेरीत ती 15.066 गुणांसह चौथी आली, कांस्यपदक 0.150 गुणांनी हुकले. मधे गेली सुमारे सतरा वर्षे. एवढ्या लांबच्या स्वप्नावर सहा वर्षांची पोर रोज मैदानात येत नाही. तिला आज संध्याकाळी काहीतरी जमले पाहिजे.

इथेच शिकवणाऱ्याचे कसब लागते. तीस मुले, एक गादी आणि लांबलचक रांग असली की मूल तासाभरात जेमतेम चार कोलांट्या मारते आणि उरलेला वेळ ढकलाढकलीत घालवते. त्याच मुलांचे चार गट करावेत. एक गादीवर, एक भिंतीला पाय लावून हातांवर उभा, एक जमिनीवर आखलेल्या रेघेवर तोल सांभाळत, एक दोरीला लोंबकळत. कोणीही रिकामे राहत नाही. नुसते ‘शाब्बास’ म्हणण्यापेक्षा ‘आज तुझे कोपर वाकले नाहीत’ असे म्हटले की मुलाला स्वतःची प्रगती दिसते. घाबरलेल्या मुलाला तर कधीही ढकलू नये. आधी पडायचे कसे ते शिकवावे. धानकापणीनंतर हीच मुले तणसाच्या ढिगावर बिनधास्त उलटीपालटी होतात. तिथे त्यांना कोणी हसत नाही, कोणी ओरडत नाही.

बक्षिसांच्या बाबतीतही सावध राहायला हवे. स्टॅनफर्डच्या बालवाडीत मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग 1973 साली प्रसिद्ध झाला. चित्रे काढायची आवड असलेल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितले, चित्र काढलेस तर फीत लावलेले प्रमाणपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात हीच मुले चित्रे काढण्यात इतरांपेक्षा कमी वेळ घालवू लागली. दहावी-बारावीचे क्रीडागुण आणि सरकारी नोकरीतले 5 टक्के खेळाडू आरक्षण आईवडिलांच्या दृष्टीने मोलाचेच आहे, पण दुसरीतल्या मुलासमोर त्याचे पाढे म्हणू नयेत.

जंगलात हे जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. आपल्या जिल्ह्याला लागूनच असलेल्या अबुझमाडच्या मुलांना नारायणपूरला छत्तीसगड एसटीएफचे जवान मनोज प्रसाद यांनी मल्लखांब शिकवला. 2023 मध्ये त्याच मुलांनी ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ जिंकले. मल्लखांब तर महाराष्ट्राचा. पेशवाईत बाळंभट दादा देवधरांनी तो नावारूपाला आणला. त्याला सागाचा खांब चालतो, आणि सागाला आपल्याकडे तोटा नाही. पहिली अढी, म्हणजे खांबाला पायांची पकड, जमली की मूल खांबावर चढून वरून खाली बघते, त्या क्षणी त्याला दुसरे बक्षीस लागत नाही.

याच तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे. तिथली ग्रामसभा सर्वांचे एकमत होईपर्यंत चर्चा करते. मोठ्यांना जो मान आपण देतो, तो थोडासा मुलांनाही द्यावा. आज आधी काय करायचे, संघात कोण कोणाबरोबर, शेवटची दहा मिनिटे कोणता खेळ, हे त्यांना ठरवू द्यावे. सरावाच्या शेवटी रेला नाचाच्या ठेक्यावर उड्या मारायच्या म्हणाली तर मारू द्याव्यात.

मुख्याध्यापकांना आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला आमची विनंती आहे: दहा वर्षांखालच्या मुलांना निवडचाचणीच्या तगाद्यापासून दूर ठेवा. यंदाच्या हारतुऱ्यांच्या खर्चातून प्रत्येक शाळेत निदान दोन चांगल्या गाद्या घ्या, आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी त्या मुलांसाठी अंथरा.