पाटी बदलली, पुढे काय?

आदिनाथांच्या निर्वाणभूमीच्या ओढीनं आपली माणसं बद्रीनाथला जातात आणि येताना माणा गावच्या पाटीपाशी काढलेला फोटो आणतात. परवा बस्तीत असाच फोटो दाखवत एक वहिनी म्हणाल्या, "किती भोळी, समाधानी माणसं हो! काही नको त्यांना." तिथं गप्प बसले, म्हणून इथं लिहिते.

काही नको कसं? दहा हजार फुटांवरचं, तिबेटच्या वाटेवरचं हे गाव. २०२२ मध्ये पंतप्रधान तिथं गेले, शेवटचं नव्हे, हे पहिलं गाव, असं म्हटलं गेलं. पुढच्या वर्षी तशी पाटी लागली. लागू दे. पाट्यांनी काय होतं आणि काय होत नाही, हे आम्हा बेळगावकरांना कुणी शिकवायला नको!

तिथल्या भोटिया लोकांचं पोट तिबेटच्या व्यापारावर. इकडून धान्य, गूळ, कापड जायचं, तिकडून मीठ आणि लोकर यायची. १९६२ च्या युद्धानं ती वाट बंद पडली. उरले बटाट्याचे वाफे आणि दारात बसून विणणाऱ्या बायका. नोव्हेंबरात मंदिर बंद झालं की अख्खं गाव बिऱ्हाड उचलून खाली गोपेश्वरकडे उतरतं, उन्हाळ्यात परत वर. दरवर्षी दोनदा संसार बांधायचा. आपण एकदा घर बदललं तर महिनाभर कंबर धरून बसतो. याला समाधान म्हणायचं?

आणि भोळ्या म्हणे! त्याच चमोली जिल्ह्यातल्या रैणी गावची गौरादेवी भोटियाच. १९७४ मध्ये गावचे पुरुष जमिनीच्या भरपाईसाठी चमोलीला गेलेले असताना तिनं बायका गोळा केल्या आणि झाडं तोडायला आलेल्यांना परत पाठवलं.

आता आपलं सांगते. पाणी गाळून पिणाऱ्या आम्ही बारा जणी, तीनशेची टोपी दोनशेला मागत उभ्या होतो. मीही होते, लपवत नाही. दोनशे वीसला घेतली आणि लढाई जिंकल्यासारखी मिरवली. लोकर अंगावर घालावी की नाही, यावर बसमध्ये तासभर चर्चा झाली. ती टोपी विणायला तिला किती दिवस लागले, हे एकीनंही विचारलं नाही. माणाच्याच मुली दरवर्षी बद्रीनाथासाठी लोकरीचं कांबळं विणतात. मंदिर बंद करताना ते तुपात भिजवून मूर्तीला पांघरतात. त्या कांबळ्याचा भाव कोण करतं?

पुढच्या मे महिन्यात बस्तीतून पुन्हा गाडी निघणार आहे. यादीत माझं नाव आहे. त्या बाईचे ऐंशी रुपये माझ्याकडे राहिलेत, ते द्यायचेत. ज्यांना घासाघीस करायची असेल त्यांनी कृपा करून माझ्या शेजारी उभं राहू नये.