निम्मी परत आलेली चिठ्ठी

गेल्या पावसाळ्यात एकाच घरातील दोघींना मी एकाच चिठ्ठीवर समुपदेशिकेकडे पाठविले. सासूबाई पंचाहत्तरीच्या, सून पन्नाशीची. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आजींचे यजमान जाऊन दीड वर्ष झाले होते. त्यांची झोप उडाली होती, जेवण कमी झाले होते. सुनेचा रक्तदाब चढू लागला होता. मी लिहिले, ‘दोघींचे समुपदेशन करावे.’

चार दिवसांनी समुपदेशिकेचा दूरध्वनी आला. “सूनबाईंना मी भेटत राहीन. आजींचे काम माझ्या हातचे नाही.” पंचवीसहून अधिक वर्षांच्या व्यवसायानंतरही दोन निराळ्या गोष्टी मी एका शब्दात कोंबल्या होत्या.

सुनेची अडचण समोर दिसणारी होती : नोकरी, रात्रीची जागरणे आणि फक्त रविवारी डोकावणारे दीर. समुपदेशक उपदेश करतात, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते गुंता सुटा करून दाखवितात. निर्णय आपलाच असतो. पाच बैठकींत सूनबाईंनी ठरविले, की आठवड्यातील दोन रात्री दीर येतील आणि दुपारी मदतनीस बाई ठेवायची. दिरांशी हे बोलण्याचे धाडस त्यांना तिथे मिळाले.

आजींचे तसे नव्हते. “मी वेळेवर हाक मारली असती तर ते वाचले असते,” हे वाक्य त्या रोज म्हणत. पहाटे तीनला उठून यजमानांच्या खोलीच्या दाराशी उभ्या राहत; आत मात्र पाऊल टाकत नसत. ‘तुमची चूक नव्हती,’ असे सर्वांनी सांगून झाले होते, मीही. विचाराची अशी गाठ बसते आणि तिच्यामुळे झोप, भूक, व्यवहार ढासळतात, तेव्हा लागतो तो मानसोपचार. त्यात त्या विचाराचीच पद्धतशीर तपासणी होते आणि टाळलेल्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरे नेले जाते. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धती कि. मो. फडके यांच्या पुस्तकांमुळे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. ती याच घराण्यातली. समुपदेशन बहुधा थोड्या बैठकींत आटोपते. हे काम आठवड्याला पाऊण तास, असे कित्येक महिने चालू शकते.

मराठीत एक जास्तीचा घोटाळा आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे औषधे देणारे डॉक्टर. संवादातून उपचार करणारे बहुधा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. त्यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे नि:संकोच विचारावे. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र कमी प्रशिक्षणावरही लागलेली दिसते. ‘हे माझ्या हातचे नाही,’ असे म्हणू शकणाऱ्या समुपदेशकावर माझा अधिक विश्वास बसतो.

वृद्धांच्या बाबतीत त्याआधी एक पायरी असते. थायरॉइड, बी-१२, कानांची तपासणी आणि चालू गोळ्यांचा आढावा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून करून घ्यावा. उदासी कधीकधी तिथेच सापडते. आणि कुणी ‘जगण्यात अर्थ नाही’ म्हणू लागले किंवा अन्नपाणी सोडले, तर समुपदेशन की मानसोपचार हा खल नको. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठावे. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही नि:शुल्क सेवा रात्रंदिवस चालू असते.

“या वयात आता काय बदलणार?” आजींच्या मुलाने मला विचारले होते. वय आड येत नाही. बैठक जरा संथ घ्यावी लागते, गृहपाठ मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा लागतो. आजींना अल्प मात्रेत औषधही सुरू झाले. चौथ्या महिन्यात त्या यजमानांच्या खोलीत गेल्या आणि कपाट आवरून आल्या. अजून काही रात्री जाग येते, पण पाणी पिऊन पुन्हा आडव्या होतात. सूनबाईंची रक्तदाबाची गोळी मात्र मी अद्याप बंद केलेली नाही.